कूलरपुढची जागा

"वहिनी, आता या नं कूलरपुढं! पहिले तुम्ही आडव्या झाल्या की आम्हाले हवाच येत नव्हती," नणंद खिदळली. अकोल्यातला मे महिना. दुपारी अख्खं घर त्या एकाच खोलीत चटया टाकून पडायचं.

वजन कमी करायचं ऑपरेशन कुंदानं असल्याच टोमण्यांपायी करून घेतलं होतं. आता ती पार निम्मी झाली होती, पण हाडांत सतत थंडी भरलेली. तरी हौसेनं ती सगळ्यांमध्ये जाऊन पडली. थोड्याच वेळात तिचे दात वाजू लागले.

तिची लेक ईश्वरी उठली नि तिनं कूलर बंद केला.

"एकटीसाठी सगळ्यायनं उकडून मरावं काय?" नवरा डोळे न उघडताच म्हणाला.

कुंदा गोधडी घेऊन वरच्या पत्र्याच्या खोलीत गेली. तिथल्या भट्टीत तिला बरं वाटलं. मागोमाग ईश्वरी आली, आईला बिलगून पडली. बघता बघता पोरीचा फ्रॉक घामानं चिंब झाला, तोंड लालबुंद.

"जा गं, खाली झोप," कुंदा म्हणाली. पोर नाही म्हणेल, असं तिला वाटलं होतं.

ईश्वरी लगेच उठली. गोधडी तेवढी आईच्या गळ्यापर्यंत ओढून दिली, आणि धावतच जिना उतरली.