आधीच पोचलंय

१९७२ च्या दुष्काळात आबा सांगलीच्या एका तेलगिरणीत हमाल होते. खुराकावाचून आमची म्हैस आटत चालली होती आणि माझा आईवेगळा तान्हा भाऊ ज्योतिबा तिच्याच दुधावर होता. आबांनी गिरणीमालकाला विनवलं,

"मालक, पोतंभर शेंगपेंड द्या की. मजुरीतनं कापा."

"न्हाई रं धुळा. समदी पेंड बोटीनं विलायतेच्या गाईंना चाललीया. सरकारला डॉलर पायजेत."

म्हैस मेली. मग विलायतेहून दानाची दूधभुकटी आली. डबा हातात घेत आजी वाटणाऱ्या बाईंना म्हणाली, "आवं, दुधाचं भांडं रिकामं परत करू न्हाई. ह्यातनं काय धाडू त्यांस्नी?"

आबा म्हणाले, "आपलं आधीच पोचलंय, आये."



डबा आठवड्यात संपला. ज्योतिबा मृगाआधीच गेला, आणि आबा पाठ वाकेपर्यंत बोटीची पोती भरत राहिले.