बढतीचा टाय

परदेशातल्या हेड ऑफिसमधले दोन सहकारी ओसाकाला आले होते. इथला कोणता विभाग बंद करायचा, ते म्हणे हेच ठरवणार होते. "कुरामोची, आज रात्री पाहुणे खूश झालेच पाहिजेत हं," साहेबांनी बजावलं. चौथ्या पेल्यानंतर कुरामोचींनी बायकोने बढतीला दिलेला टाय गळ्यातून काढून कपाळाला बांधला. हाताखालची अकरा माणसं डोळ्यांसमोर आणत, पंचावन्नाव्या वर्षी ते माकडासारखे नाचले. पाहुणे हसून हसून लोळले. "तुमच्यासारखा माणूस आमच्याकडे नाही हो!" एकजण गळ्यात पडून म्हणाला. कुरामोचींच्या जिवात जीव आला. सकाळी तोच टाय नीट बांधून ऑफिसात आले. टेबलावर पत्र होतं. त्यांचाच विभाग बंद. पत्रावरची तारीख पाहुणे ओसाकाला यायला विमानात बसण्याच्याही आधीची. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "संध्याकाळी निरोपाची पार्टी. टाय घालूनच या. पाहुण्यांना कालचा नाच पुन्हा बघायचाय."