दोन्ही विंगच्या चाव्या

एकाच आवारात राहणाऱ्या बायका आणि पुरुष, दोघांवर एकाच बाईनं निर्वेध राज्य केल्याची उदाहरणं इतिहासात दोनच. पहिलं सातव्या शतकातल्या इंग्लंडमधलं. दुसरं शारजा औद्योगिक क्षेत्रातलं, टायरच्या गोदामामागच्या चार मजली इमारतीतलं. हे दुसरं राज्य मंगळवारी सकाळी साडेनऊला संपलं.

"पॉलिसी आहे, आपा," नवे अ‍ॅडमिन मॅनेजर सुजीत कर्णिक म्हणाले. "जेन्ट्स विंगला जेन्ट्स सुपरवायझर. चाव्या द्या."

नूरजहाँ परकारनं कमरेचा जुडगा सोडला आणि अर्ध्या चाव्या टेबलावर ठेवल्या. इमारत एका खासगी हॉस्पिटलच्या स्टाफची. डावीकडे ऐंशी नर्सेस, उजवीकडे साठ वॉर्डबॉय आणि ड्रायव्हर. एकोणिसातली अठरा वर्षं दोन्हीकडे तिचाच शब्द चालला होता. कोणाची नाइट, कोणाचा रोजा, कोणाची चतुर्थी, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं तोंडपाठ. झाडूला तर तिनं त्या अठरा वर्षांत हात लावला नव्हता.

दुपारी आभा आली. ही नर्स ड्यूटी सांभाळून इतिहासात एम.ए. करत होती. तिनं पुस्तकच पुढं केलं.

"हे बघा आपा, तुमचीच गोष्ट. सातव्या शतकातली इंग्लंडची अ‍ॅबेस. म्हणजे मठाची मुख्य. एका अंगाला साध्वी, दुसऱ्या अंगाला साधू, आणि दोघांवर हुकूम हिचा. जमीनजुमला हिच्या हातात. राजेसुद्धा सल्ला मागायला यायचे."

नूरजहाँनं चष्मा लावून चित्र पाहिलं. डोक्याला घट्ट स्कार्फ, हातात काठी, चेहऱ्यावर कोणाचं ऐकून न घेण्याचा भाव.

"आमच्या दापोलीकडची वाटते. व्हिसा कोणाचा होता गो हिचा?"

"आपा, तेव्हा व्हिसा नव्हते."

"तरीच जमलं."

तरी पुस्तक तिनं ठेवून घेतलं.

नवा सुपरवायझर यहया सज्जन माणूस. बुधवारी त्यानं जेन्ट्स किचनमध्ये लोकशाही आणली. ज्याला हवं त्यानं, हवं तेव्हा शिजवावं. गुरुवारी सहा शेगड्यांवर साठ जणांनी हक्क सांगितला. शुक्रवारी बांगडा आणि साबुदाणा एकाच कढईत भेटले. रविवारी यहया लेडीज विंगच्या दाराशी उभा. "आपा, खलास. मेरे से नहीं होगा." सोमवारी एक ड्रायव्हर ती कढई घेऊन थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला.

संध्याकाळी राजा स्वतः आला. टाय सैल, कपाळावर घाम.

"आपा," सुजीत कर्णिक चाचरत म्हणाले, "ते किचनचं टाइमटेबल तुम्ही कसं लावलं होतं?"

दोन्ही जिन्यांवर माणसं जमली होती. नूरजहाँनं घाई केली नाही. हातातला कांदा पुरा चिरला, सुरी धुतली.

"बसा, साहेब. चहा घ्या. टाइमटेबल लिहिलेलं नाही, इथं आहे." तिनं कपाळाला बोट लावलं. "चाव्या आणल्यात?"

साहेबांनी खिशातून चाव्या काढल्या. तिनं एकेक करून जुडग्यात ओवल्या. उजव्या जिन्यावरून टाळ्या पडल्या, डाव्या जिन्यावरून आभा ओरडली, "यल्ला, चला, अ‍ॅबेस!" एवढ्या वर्षांत नूरजहाँची मान इतकी ताठ कधी झाली नव्हती. पाठही दुखेनाशी झाली.

साहेबही मनाचे मोठे. "आपा, आता ऑर्डरच काढतो. दोन्ही विंग, कायमच्या, लेखी. लेबर कार्ड द्या जरा. पद बघून टाइप करतो."

नूरजहाँनं पाकिटातलं कार्ड काढून दिलं. पदाच्या रकान्यात एकोणीस वर्षं एकच शब्द होता: क्लीनर.