उलटे आटे

पाना पुन्हा सटकला आणि फिटरची बोटं ग्राइंडरच्या दगडावर आपटली.

"तुझ्या नानाची टांग!" तो ओरडला.

"कोणाला म्हणताय?" शेडच्या दारातून बायकोनं विचारलं.

"या हाताला. दुसरं आहे कोण इथं?"

शेडमधलं एकूण एक अवजार त्यानं भंगारातून घडवलेलं. गाडीच्या जॅकपासून केलेला, वस्तू घट्ट धरणारा व्हाइस, शिलाई मशीनच्या पायडलवर चालणारी करवत, आणि कोणीतरी टाकून दिलेल्या एसीच्या मोटारीवर उभा केलेला हा धार लावायचा ग्राइंडर. फिटर डावखुरा. बाजारात डावखुऱ्यांना कोण विचारतो, म्हणून त्यानं आपल्या सगळ्या मशीनचे खटके आणि दांडे डावीकडेच बसवले होते. कसलंही अवघड काम आलं की म्हणायचा, "हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ." आणि खरोखरच डाव्या हातानं ते करून टाकायचा. अर्धांगाच्या झटक्यानं नेमका तोच हात नेला. आता तो मांडीवर ठेवला की मांडीवर राहायचा, टेबलावर ठेवला की टेबलावर.

दुपारी मुलगी टेंपो घेऊन येणार होती. सगळं पुन्हा भंगारात द्यायला. तिचंही काही चुकत नव्हतं. मागच्या आठवड्यात तो करवतीवर कलंडता कलंडता वाचला होता. फोनवर बापलेकीची चांगलीच जुंपली आणि शेवटी तिनं अट घातली, "एका कात्रीला स्वतःच्या हातानं धार लावून दाखवा. मग शेडला हात लावणार नाही."

दगड मोटारीच्या डाव्या टोकावरून काढून उजव्या टोकाला बसवायचा, की उजव्या हातानं धार लावता आली असती. एवढंच तर काम. उजवं टोक त्यानं कालच तयार करून ठेवलं होतं. दगड फिरू नये म्हणून खाली लाकडाची पाचरही ठोकली होती. पण डावीकडचा नट सकाळपासून हलायला तयार नव्हता.

"तेल सोडून बघितलं का?" बायकोनं विचारलं.

"आता तू मला फिटरकी शिकव!"

"चहा गार झालाय."

"होऊ दे!"

त्यानं दातओठ खात पाना ओढला. अंगाचा सगळा भार टाकून ओढला. नट जागचा हलला नाही. फिटरनं पाना जमिनीवर फेकला. त्याला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता.

"हा उजवा हात नाही, ओंडका आहे नुसता. इतकी वर्षं फुकट पोसला. घेऊन जाऊ दे तिला सगळं. मलाही टाका त्याच टेंपोत."

बायकोनं पाना उचलला. तो परत देण्यासाठी ती जवळ आली, आणि नटाकडे बघतच राहिली.

"हा माझ्या सायकलचा ना?"

"कसली सायकल?"

"कसली म्हणजे? चालती सायकल होती माझी! आधी मोटारीला आटे हवेत म्हणून डावं पेडल काढून नेलंत, मग ते ज्यात बसतं तो दांडा कापलात नटासाठी. एका पायानं सायकल हाणत दुकानापर्यंत गेले होते मी."

"झालं का सुरू? तेच रडगाणं."

"दुकानवाला इतका हसला! म्हणाला, बाई, बसवताना नीट ध्यान देऊन बघा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सोडवायला म्हणून फिरवाल तर..."

ती बोलायची थांबली. फिटरनं नटाकडे बघितलं.

ते पेडल त्यानं मुद्दाम शोधलं होतं. डावीकडचा दगड फिरताना साधा नट आपोआप सैल होतो, उलट्या आट्यांचा होत नाही. ही अक्कल त्यानं तेव्हा येईल त्याला ऐकवली होती. त्यानंतर कितीतरी वेळा तो नट त्यानं काढला असेल, पण आटे उलटे आहेत असं मनात आणायची कधी गरजच पडली नव्हती. डाव्या हाताला ते पाठ होतं. उजव्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे सकाळपासून तुम्ही हा..."

"आवळतोय," फिटर म्हणाला.

त्यानं पाना दुसऱ्या बाजूनं लावला आणि ओढला. काही नाही. बायकोनं दोन्ही हात लावले. दोघांनी मिळून जोर केला. नट ढिम्म. बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला.

मुलगी आत आली. तिच्यामागून दार भरून टाकणारा टेंपोवाला आला. तिनं टेबलावर पडलेली बोथट कात्री बघितली, मग बापाकडे बघितलं.

"बाबा, जमलं?"

त्यानं मान हलवली. नाही.

तिनं कात्रीच्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग टेंपोवाल्याला म्हणाली, "दादा, आधी हा ग्राइंडर घ्या."

"दगड काढून घेऊ का ताई? वाटेत फुटायचा." टेंपोवाल्यानं पाना हातात घेतला.

"आटे उलटे आहेत," बायको म्हणाली. "या बाजूला फिरवा."

टेंपोवाल्यानं सहज ओढला. मग बाह्या वर केल्या आणि ओढला. मग टेबलाला पाय लावून ओढला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लाल झालं. शेवटी त्यानं पाना खाली ठेवला आणि तळहात पँटला पुसले.

"आयला! कोणत्या पैलवानानं आवळलाय हा?"

मुलगी आईकडे बघू लागली. आई फिटरकडे.

फिटरनं वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. उजवा.