शीतगृहातलं धर्मशास्त्र

"जाळायचीच," प्राचार्य रेव्हरंड उजागरे म्हणाले. धर्मशास्त्र महाविद्यालय सुरू झालं तेव्हाची पहिली पुस्तकं अंगणात रचली होती आणि प्रत्येकातून पिठासारखा भुसा गळत होता. "कीड नव्या कपाटांत शिरली तर आख्खं ग्रंथालय जाईल."

प्राणिशास्त्र शिकून नुकतीच इथे ग्रंथपाल म्हणून लागलेली सुवार्ता ढिगासमोर उभी राहिली. "सर, ही कीड गोठवली की मरते. बंदरावरच्या मासळीच्या शीतगृहात जागा आहे. मी विचारून आलेय."

"मासळीच्या? उद्या आमच्या धर्मशास्त्राला बांगड्याचा वास येईल!"

"प्रभूचे पहिले शिष्य कोळीच होते ना, सर?"

भोवतीचे विद्यार्थी हसले. प्राचार्यांनी हसू दाबलं. "घेऊन जा. पण एक जरी किडा जिवंत निघाला, तर काडी मी स्वतः लावीन."

प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेली पुस्तकं शीतगृहात गोठली. परत आल्यावर सुवार्तानं ती ब्रशनं झाडून काळ्या कागदावर मांडली, नवा भुसा पडला तर लगेच दिसावा म्हणून. सगळा उन्हाळा ती रोज वाकून बघत राहिली. कागद काळाच राहिला.

शाळा-कॉलेजं उघडली तसं तिनं प्राचार्यांना बोलावलं. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं, ते उजेडात धरलं आणि मग ते तडक घरी गेले. परतले ते कापडात बांधलेलं गाठोडं घेऊन.

"आजोबांची प्रवचनं आहेत, हातानं लिहिलेली. कीड खातेय, आणि मी नुसता बघत होतो." त्यांनी गाठोडं तिच्या टेबलावर ठेवलं. "पुढच्या खेपेला यांना नेता येईल का, ग्रंथपालबाई?"