दुसऱ्याच्या दुखण्याची टोपी

डॉ. चारुशीलाबाईंनी नोंदटोपी डोक्यावर चढवली, तशा मार्था सिस्टर फिसकन हसल्या. "मॅडम, मागं कुणाच्या तरी बाळंतकळा भोगून आलात नि आठवडाभर घरी साहेबांशी अबोला धरलात! आजार नुसते वाचायचे, तेच दिवस बरे होते."

"वाचूनच तर मघाशी तुळाजींना इंजेक्शन दिलं. आता खात्री करून घेते."

वॉर्डातल्या तुळाजींच्या अंगात मुंग्यांचं वारूळच फुटलं होतं म्हणा ना! जगात हा आजार याआधी एकालाच झालेला. त्याच्या डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं, 'इंजेक्शननंतर रुग्ण शांत.' आता त्या पहिल्या रुग्णानं भोगलेलं, टोपीत नोंदलं गेलेलं सगळं बाईंच्या अंगात उतरू लागलं. आधी मुंग्या, मग सुई. मग मुंग्यांचे निखारे झाले, आणि जीभ, हात, पापण्या जागच्या जागी थिजल्या. बाई आतल्या आत ऊर फाटेस्तोवर ओरडल्या. वरून त्या डॉक्टरचा समाधानी आवाज आला, "झोपला बिचारा."

टोपी भिरकावून बाई वॉर्डात धावल्या. तुळाजींच्या बायकोनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, बाई. किती दिवसांनी डोळा लागलाय त्यांचा."