तीन उलटे हत्ती

साहेब, आमच्या देवीच्या देवळाची मागची भिंत दुरुस्त करताना तुमच्या पुरातत्त्व खात्यानं तीन हत्ती उलट्या दिशेला तोंड करून बसवलेत. दगडांवर नंबर टाकले खडूनं, आणि मग तेच दगड पाण्यानं धुऊन काढले. हे डोकं कुणाचं?

भिंतीच्या कट्ट्यावरची ही चहूबाजूंनी कोरलेल्या सुट्या हत्तींची रांग आठशे वर्षं प्रदक्षिणेच्या दिशेनंच चालली होती. आमच्या हैबतीआबा गुरवांना दिसत नाही. शेपटी, पाठ, सोंड असं चाचपत ते रोज हत्तींच्या मागोमाग देवीला फेरी घालायचे. दुरुस्तीनंतर मी त्यांना घेऊन गेलो, तर मागच्या भिंतीपाशी हाताला आधी सोंड लागली. आबा थबकले.

"समोरून हत्ती आलेत."

"दगडाचे आहेत, आबा. चला पुढं."

"तुला दगडाचे. समोरून हत्ती आला तर वाट कुणी द्यायची, माणसानं का हत्तीनं?"

आणि आले तसे मागं फिरले.

तेव्हापासून रोज तेच. म्हातारा देवीच्या देवळात महादेवाची अर्धी प्रदक्षिणा घालतोय. बायका हसतात, आबाही हसतात. पण परवा पायरीवर बसून मला हळूच म्हणाले, "पाय आहेत तोवर एक फेरी पुरी होऊ दे रे."

तुमचा माणूस म्हणतो, बघायला येणाऱ्यांना फरक कळत नाही. ज्याला दिसत नाही त्याला कळला, साहेब. हत्ती कधी वळवताय? तारीख लेखी द्या.